मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म कसे काढायचे: क्रम, ताळे आणि नेहमीच्या चुका

नऊ-दहा अंकी संख्या समोर ठेवून ‘हिचे गुणधर्म सांगा’ म्हटलं, की बहुतेक जण थेट शेवटाला हात घालतात. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्या पूर्ण वर्ग आहे का, असे सुटे प्रश्न समजून प्रत्येकासाठी वेगळी आकडेमोड सुरू होते. तासाभरानं एका उत्तराचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही आणि चूक कुठे झाली हेही सापडत नाही.

यातले जवळजवळ सगळे गुणधर्म एकाच गोष्टीतून निघतात: मूळ अवयव, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज ज्यांना कशानेच भाग जात नाही असे अवयव. ते बरोबर पाडले तर पुढचं काम दहा मिनिटांचं असतं. तिथे एक चूक झाली तर पुढची सगळी उत्तरं चुकतात, आणि दिसायला मात्र नीटनेटकी दिसतात. म्हणून या लेखातली निम्म्याहून जास्त जागा अवयव पाडण्यालाच दिली आहे.

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलं आहे: ५८,६४,४९,८६४. कागद-पेन घेऊन सोबत करत चला. नुसतं वाचून हे हातात बसत नाही. घात दाखवायला ^ ही खूण वापरली आहे, म्हणजे २^३ हा २ चा तिसरा घात, अर्थात ८.

## तयारी

१. संख्या दोन प्रकारे लिहून घ्या. एकदा आपल्या लाख-कोटीच्या मांडणीत: ५८,६४,४९,८६४. दुसऱ्यांदा उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून: ५८६ | ४४९ | ८६४. ७, ११ आणि १३ ची एकत्र कसोटी पुढे येते, ती तीन अंकी गटांवरच चालते. आपल्या स्वल्पविरामांमधले गट (५८, ६४, ४९, ८६४) धरून ती लावली तर उत्तर हमखास चुकतं. ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे, की आता दुसरी मांडणी लिहिल्याशिवाय पुढे जाऊच नका असं सांगतो.

२. संख्येची ओळख टिपून ठेवा. तीन गोष्टी पुरतात.

- एकूण अंक: ९.
- अंकांची बेरीज: ५+८+६+४+४+९+८+६+४ = ५४.
- एकक स्थानापासून एकाआड एक बेरीज-वजाबाकी: ४−६+८−९+४−४+६−८+५ = ०.

संख्या दुसऱ्या पानावर उतरवाल किंवा यंत्रात टाइप कराल, तेव्हा याच तीन गोष्टी पुन्हा तपासा. नुसत्या अंकांच्या बेरजेवर विसंबू नका. हातून सर्वात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल, आणि ती बेरजेत दिसतच नाही. ५८,६४,४९,८६४ च्या जागी ५८,६४,९४,८६४ लिहिलं गेलं तरी बेरीज ५४ च राहते. एकाआड एक बेरीज-वजाबाकी मात्र ० ऐवजी १० येते आणि चूक लगेच पकडली जाते.

३. १०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी समोर ठेवा. त्या २५ आहेत: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७. यादी आठवणीतून लिहिली असेल तर ५१, ५७, ८७ आणि ९१ तिच्यात शिरलेल्या नाहीत ना हे पाहा. या चारही संख्या मूळ वाटतात, पण मूळ नाहीत: ३×१७, ३×१९, ३×२९, ७×१३. आणि १ ही मूळ संख्या नाही.

४. साधनाची मर्यादा जाणून घ्या. साध्या कॅल्क्युलेटरवर बऱ्याचदा आठच अंक मावतात. आपली संख्या नऊ अंकी आहे. स्प्रेडशीटमध्ये साधारण १५ अंकांपर्यंतच पूर्ण संख्या अचूक राहते, त्यापुढचे अंक गुपचूप शून्य होतात.

> सावधान: ‘भागाकारात दशांश दिसला नाही, म्हणजे भाग गेला’ हा निष्कर्ष मोठ्या संख्येला लावू नका. पडद्यावरचं उत्तर आपोआप पूर्णांकित झालेलं असू शकतं. भाग गेला का, हे नेहमी बाकीवरून ठरवा: पूर्ण भागाकार घ्या, भाजकाने गुणा, सुरुवातीची संख्या परत येते का पाहा.

## टप्पा १: वर्गमूळाची मर्यादा काढा

संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. दोन्ही अवयव वर्गमूळाहून मोठे असते तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. त्यामुळे शोध कुठे थांबवायचा ते वर्गमूळ ठरवतं.

२४,२१६ चा वर्ग ५८,६४,१४,६५६ आणि २४,२१७ चा वर्ग ५८,६४,६३,०८९. आपली संख्या या दोहोंच्या मध्ये पडते, म्हणून आत्ताची मर्यादा २४,२१६.

हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. प्रत्येक अवयव काढून टाकल्यावर मर्यादा उरलेल्या संख्येच्या वर्गमूळावर येते, आणि ती किती झपाट्यानं उतरते ते पुढे दिसेलच. पहिली मर्यादा शेवटपर्यंत धरून बसणं ही वेळ घालवणारी सर्वात मोठी चूक आहे.

इथेच पूर्ण वर्गाचा प्रश्नही मिटतो: संख्या दोन लागोपाठच्या वर्गांच्या मध्ये आहे, म्हणजे पूर्ण वर्ग नाही. शॉर्टकटवर इथे भरवसा ठेवला असता तर काय झालं असतं ते पाहा. पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ असतो. आपला ४ आहे. पूर्ण वर्गाचा बीजांक (एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत गेल्यावर येणारा अंक) १, ४, ७ किंवा ९ असतो; आपला ५+४ = ९ आहे. दोन्ही चाळण्यांतून संख्या पार झाली, तरी ती वर्ग नाही. या कसोट्या फक्त ‘नाही’ म्हणू शकतात, ‘हो’ कधीच नाही.

## टप्पा २: लहान मूळ संख्या एकेक करून संपवा

नियम एकच. एका मूळ संख्येने भाग जातोय तोवर भागत राहा, भाग जायचा थांबला की मगच पुढची घ्या. ‘२ ने भाग गेला, झालं’ म्हणून ३ कडे वळलात तर घातांक चुकेल, आणि घातांक चुकला की पुढचं सगळं चुकतं.

२ ने: शेवटचे दोन अंक ६४, ४ ने भाग जातो. शेवटचे तीन ८६४, ८ ने जातो (१०८ वेळा). शेवटचे चार ९,८६४, त्यांना १६ ने भागलं तर ६१६ येऊन ८ बाकी उरते. म्हणून २ चा घातांक नेमका ३.

५८,६४,४९,८६४ → २९,३२,२४,९३२ → १४,६६,१२,४६६ → ७,३३,०६,२३३

उरलेली संख्या विषम झाली. मर्यादा ८,५६१ वर आली.

३ ने: ७,३३,०६,२३३ → २,४४,३५,४११ → ८१,४५,१३७

८१,४५,१३७ च्या अंकांची बेरीज २९, म्हणून ३ ने आता भाग जात नाही. घातांक २. मर्यादा २,८५३.

> सावधान: सुरुवातीच्या संख्येच्या अंकांची बेरीज ५४ होती. ५४ ला २७ ने भाग जातो, तेव्हा संख्येलाही २७ ने जात असेल, असं पुष्कळांना वाटतं. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे. २७ साठी ती नाही. आपल्याच संख्येत बेरीज ५४ असूनही ३ चा घातांक २ वरच थांबला. कसोटी ताणायची नाही, प्रत्यक्ष भागायचं.

याच्याच जोडीची दुसरी चूक: ‘४ ने जातो, ६ ने जातो, म्हणून २४ ने जातो’. १२ घेऊन पाहा, लगेच खोटं ठरतं. दोन कसोट्या जोडायच्या तर दोन्ही भाजक सहमूळ हवेत, म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नको. ३ आणि ८ वरून २४ म्हणता येतं, ४ आणि ६ वरून नाही.

५ ने: शेवटचा अंक ७. नाही.

७, ११, १३ एकदम: ७×११×१३ = १,००१. त्यामुळे तीन अंकी गटांची उजवीकडून एकाआड एक बेरीज-वजाबाकी केली, तर आलेल्या उत्तराला या तिघांपैकी ज्याने भाग जातो त्याने संख्येलाही जातो. तयारीत लिहिलेले गट आता काढा: ८६४ − ४४९ + ५८६ = १,००१. उत्तर १,००१ च आलं, म्हणजे तिघांनीही भाग जातो.

सुरुवातीच्या संख्येवर एकदा कसोटी लावून झाली, तरी भागाकार उरलेल्या संख्येवर करा:

- ८१,४५,१३७ ÷ ७ = ११,६३,५९१. पुन्हा ७ ने? बाकी २. घातांक १. मर्यादा १,०७८.
- ११,६३,५९१ ÷ ११ = १,०५,७८१. पुन्हा ११ ने? १−८+७−५+०−१ = −६. नाही. घातांक १. मर्यादा ३२५.
- १,०५,७८१ ÷ १३ = ८,१३७. पुन्हा १३ ने? बाकी १२. घातांक १. मर्यादा ९०.

चोवीस हजारांवरून मर्यादा नव्वदवर आली.

> ताळा: प्रत्येक भागाकारानंतर नवं उत्तर × भाजक = आधीची संख्या, हे लगेच करून पाहा. शेवटी एकदम ताळा करायला ठेवलं तर चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधण्यात दुप्पट वेळ जातो.

## टप्पा ३: उरलेल्या संख्येचा निकाल लावा

बहुतेकांचं काम इथेच फसतं. हाताशी ८,१३७ उरली आहे. २, ३, ५, ७, ११, १३ पैकी कशानेच भाग जात नाही. चार अंकी, विषम, ओबडधोबड; दिसायला मूळ. मग ‘८,१३७ ही मूळ संख्या’ असं लिहून लोक पुढे जातात.

दिसण्यावरून ठरवायचं नाही. ८,१३७ मूळ आहे असं म्हणायचं तर १७ पासून ८९ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बाकी उरते हे दाखवावं लागेल. त्याआधी एक लहानसा प्रयोग करा, जमला तर पुष्कळ श्रम वाचतात.

आधी वर्गांच्या फरकाचा प्रयोग. ही फर्माची रीत. विषम संख्येचे दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर ती लगेच फळते. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यातून आपली संख्या वजा करा. उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का पाहा.

९१×९१ = ८,२८१
८,२८१ − ८,१३७ = १४४ = १२×१२

पहिल्याच फटक्यात वर्ग आला. म्हणून ८,१३७ = (९१−१२) × (९१+१२) = ७९ × १०३.

पहिल्यांदा वर्ग आला नसता तर ९२, ९३, ९४ अशा चार-पाच संख्या करून पाहायच्या आणि सोडून द्यायचं. अवयव एकमेकांपासून लांब असतील किंवा संख्या मूळच असेल, तर ही रीत कंटाळा येईपर्यंत चालते. तेव्हा हट्ट धरू नका.

नाही जमलं, तर सरळ भागाकार. ८,१३७ च्या बाक्या खाली दिल्या आहेत. तुमच्याशी जुळवून पाहा.

१७ → ११, १९ → ५, २३ → १८, २९ → १७, ३१ → १५, ३७ → ३४, ४१ → १९, ४३ → १०, ४७ → ६, ५३ → २८, ५९ → ५४, ६१ → २४, ६७ → ३०, ७१ → ४३, ७३ → ३४, ७९ → ०.

पंधरा वेळा नकार मिळाल्यावर सोळाव्या भागाकाराला संख्या फुटते. ‘आता काही भाग जात नाही’ असं मन साधारण पाचव्या-सहाव्या भागाकारापासून सांगू लागतं. त्याचं ऐकू नका. मर्यादा ९० आहे तर ९० पर्यंत जायचं, मध्ये थांबायचं नाही. बाक्या अशा ओळीनं लिहून ठेवल्या तर एखादी मूळ संख्या वगळली गेली का तेही दिसतं.

उरले ७९ आणि १०३. ७९ आपल्या यादीत आहे. १०३ चं वर्गमूळ १०.१ च्या आसपास, आणि २, ३, ५, ७ कशानेच भाग जात नाही, म्हणून तीही मूळ.

> सावधान: इथे ८,१३७ ला मूळ मानून पुढे गेला असतात तर विभाजकांची संख्या बरोबर निम्मी आली असती, आणि विभाजकांची बेरीज व पुढे येणारं फाय फल दोन्ही चुकले असते. त्यातला एकही आकडा पाहून शंका आली नसती. या चुकीला बाहेरून दिसणारी खूण नसते.

## टप्पा ४: उलट गुणून पाहा

५८,६४,४९,८६४ = २^३ × ३^२ × ७ × ११ × १३ × ७९ × १०३

ज्या क्रमानं भागलं त्याच क्रमानं गुणलं तर तीच चूक पुन्हा होण्याची भीती असते. क्रम बदला, सोयीचे गट करा:

- ८ × ९ = ७२
- ७ × ११ × १३ = १,००१
- ७९ × १०३ = ८,१३७
- ७२ × ८,१३७ = ५,८५,८६४
- ५,८५,८६४ × १,००१ = ५८,५८,६४,००० + ५,८५,८६४ = ५८,६४,४९,८६४

सुरुवातीची संख्या परत आली. पण हा ताळा गुणाकार बरोबर आहे एवढंच सांगतो, प्रत्येक अवयव मूळ आहे हे सांगत नाही. ७९×१०३ ऐवजी ८,१३७ लिहिलं असतं तरी ताळा जमलाच असता. म्हणून दोन वेगळ्या खुणा करा: एक ‘गुणाकार जमला’, दुसरी ‘प्रत्येक अवयव मूळ असल्याचं तपासलं’. दोन्ही झाल्याशिवाय पुढचा टप्पा घेऊ नका.

## टप्पा ५: विभाजक किती

प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि सगळे गुणा. घातांक ३, २, १, १, १, १, १ आहेत.

४ × ३ × २ × २ × २ × २ × २ = ३८४

१ का मिळवायचा ते समजून घेतलं की सूत्र विसरत नाही. कोणताही विभाजक बनवताना २ हा अवयव शून्य, एक, दोन किंवा तीन वेळा घेता येतो. म्हणजे चार पर्याय. शून्य वेळा घेणं हाही पर्याय आहे, तो विसरला की उत्तर चुकतं.

याच मांडणीतून आणखी दोन उत्तरं मिळतात. विषम विभाजक हवेत तर २ ला एकच पर्याय (शून्य वेळा): ३ × ३२ = ९६. पूर्ण वर्ग असलेले विभाजक हवेत तर फक्त सम घात घ्यायचे: २ चे दोन पर्याय, ३ चे दोन, बाकीच्यांचा एकेक. म्हणजे चारच: १, ४, ९, ३६.

> ताळा: विभाजकांची संख्या विषम येते ती फक्त पूर्ण वर्गाचीच. आपली संख्या वर्ग नाही हे टप्पा १ मध्ये ठरलं, आणि ३८४ सम आहे. जुळलं.

## टप्पा ६: विभाजकांची बेरीज, आणि संख्या विपुल की न्यून

प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या घातापर्यंतची बेरीज करा, मग सगळ्या बेरजा गुणा.

- २^३ साठी: १+२+४+८ = १५
- ३^२ साठी: १+३+९ = १३
- ७, ११, १३, ७९, १०३ साठी: ८, १२, १४, ८०, १०४

१५ × १३ = १९५; × ८ = १,५६०; × १२ = १८,७२०; × १४ = २,६२,०८०; × ८० = २,०९,६६,४००; × १०४ = २,१८,०५,०५,६००.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे २^३ साठी (२+१)^३ = २७ घेणं. ‘अवयवात एक मिळवा’ ही रीत घातांक १ असेल तरच चालते. घातांक मोठा असेल तिथे बेरीज पूर्ण लिहूनच काढा.

आता संख्या परिपूर्ण, विपुल की न्यून हे ठरवायचं. त्यासाठी संख्या स्वतः सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज लागते; ती संख्येएवढी आली तर परिपूर्ण, जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून:

२,१८,०५,०५,६०० − ५८,६४,४९,८६४ = १,५९,४०,५५,७३६

ही बेरीज आपल्या संख्येच्या अडीचपटीहून जास्त आहे, म्हणून संख्या विपुल. वजाबाकी करायची राहिली तर पूर्ण बेरजेशी तुलना होते आणि १ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या विपुल ठरते. निष्कर्ष कधीतरी योगायोगानं बरोबर येतो, पण पद्धत चुकलेलीच असते.

> ताळा: ६ हून मोठी, ६ ने भाग जाणारी प्रत्येक संख्या विपुल असते. अशा संख्येला ‘न्यून’ असं उत्तर आलं तर थेट टप्पा २ वर परत जा.

## टप्पा ७: सहमूळ संख्या किती (ऑयलरचे फाय फल)

१ पासून संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ अशा किती संख्या आहेत, ते हे फल सांगतं. प्रत्येक मूळ अवयवाचा घात एकाने कमी करून घ्या आणि त्याला (अवयव − १) ने गुणा.

- २^३ → २^२ × १ = ४
- ३^२ → ३ × २ = ६
- ७, ११, १३, ७९, १०३ → ६, १०, १२, ७८, १०२

४ × ६ = २४; × ६ = १४४; × १० = १,४४०; × १२ = १७,२८०; × ७८ = १३,४७,८४०; × १०२ = १३,७४,७९,६८०.

इथली चूक मागच्याच जातीची: २^३ साठी (२−१)^३ = १ घेतलं जातं. खरं उत्तर ४, आणि ते मोजूनही पाहता येतं. १ ते ८ मध्ये ८ शी सहमूळ संख्या १, ३, ५, ७ या चारच. कुठल्याही सूत्राबद्दल शंका आली की असं लहान संख्येवर बोटांनी मोजून पाहा. मी अजूनही तसंच करतो.

> ताळा: २ हून मोठ्या संख्येचं हे उत्तर नेहमी सम असतं. शिवाय संख्येला ६ ने भाग जात असेल तर ते संख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त असूच शकत नाही. आपली एक तृतीयांश १९,५४,८३,२८८. उत्तर त्याच्या आत आहे.

## टप्पा ८: वर्गांशी नातं

वर्ग, घन किंवा वरचा घात आहे का? सगळ्या घातांकांचा मसावि काढा. ३, २, १, १… यांचा मसावि १, म्हणून संख्या कुठलाच पूर्ण घात नाही.

कशाने गुणलं तर पूर्ण वर्ग होईल? ज्यांचा घातांक विषम आहे ते अवयव एकेकदा घ्या: २ × ७ × ११ × १३ × ७९ × १०३ = १,६२,९०,२७४. एवढ्याने गुणलं तर गुणाकार ९,७७,४१,६४४ चा वर्ग होतो; एवढ्यानेच भागलं तर ३६ उरतात. ३ चा घातांक आधीच सम आहे, त्याला यात घेऊ नका.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? ४ ने भागल्यावर ३ बाकी उरते असे मूळ अवयव पाहा. अशा प्रत्येकाचा घातांक सम असेल तरच तशी मांडणी होते. आपल्याकडे असे अवयव ३, ७, ११, ७९, १०३. ३ चा घातांक २, तो आड येत नाही. ७ चा घातांक १ आहे, तेवढ्यावरच निकाल लागला: दोन वर्गांची बेरीज होणं अशक्य. ‘असा एखादा अवयव दिसला की अशक्य’ असं समजू नका, घातांक पाहा. ४५ मध्येही ३ आहे, पण तो ३^२ आहे, आणि ४५ = ३६ + ९.

तीन वर्गांची बेरीज? संख्येतून ४ जितके वेळा निघतात तितके काढा. उरलेल्या संख्येला ८ ने भागून ७ बाकी उरली तर नाही, एरवी हो. ५८,६४,४९,८६४ ÷ ४ = १४,६६,१२,४६६; पुन्हा ४ ने भाग जात नाही; ८ ने भागता बाकी २. म्हणून शक्य आहे. चार वर्गांसाठी तपासायची गरजच नाही, शून्य धरून प्रत्येक पूर्ण संख्येची तशी मांडणी होतेच.

## टप्पा ९: लिहिण्याच्या पद्धतीवर ठरणारे गुणधर्म

अंकांची बेरीज, बीजांक, उलटसुलट सारखी वाचली जाते का, हे संख्येचे नव्हे तर तिच्या दशमान लिखाणाचे गुणधर्म आहेत. पाया बदलला (दहाऐवजी दोन किंवा आठ घेतला) की ते बदलतात. अवयव, विभाजक, फाय फल मात्र कुठल्याही पायात तेच राहतात. उत्तरं लिहिताना या दोन गटांची सरमिसळ करू नका.

द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहायचं तर संख्येत मावणारा २ चा सर्वात मोठा घात काढत जा. २^२९ = ५३,६८,७०,९१२ मावतो, २^३० मावत नाही, म्हणून एकूण ३० अंक:

१० ००१० ११११ ०१०० १००० ००११ ११०० १०००

यात १ हा अंक तेरा वेळा येतो.

> ताळा: शेवटी जितकी शून्यं, तितका २ चा घातांक. इथे तीन शून्यं आहेत आणि टप्पा २ मध्ये घातांक ३ च आला होता.

## उरलेली संख्या फुटतच नसेल तर

नऊ अंकी संख्येसाठी सर्वात वाईट स्थितीतही सुमारे ३१,६०० पर्यंतच्या ३,४०१ मूळ संख्या तपासाव्या लागतात. यंत्राला हे क्षणाचं काम आहे. बारा अंकी संख्येला १० लाखांपर्यंतच्या ७८,४९८ लागतात, तेही चालतं. त्याच्या बरंच पुढे गेलं की सरळ भागाकार सोडावा लागतो. यंत्र वापरताना दशांश संख्या नव्हे, पूर्णांक पद्धतच निवडा. नेहमीच्या दशांश पद्धतीत ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ (म्हणजे २^५३) च्या पुढे लागोपाठच्या पूर्ण संख्याही एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येत नाहीत.

अशा वेळी आधी ठरवा की उरलेली संख्या मूळ आहे की संयुक्त. फर्माची साधी कसोटी (२ चा, संख्येहून एकाने कमी असा घात घेऊन संख्येने भागायचं; बाकी १ आली तर कसोटी पार) पुरत नाही: २^३४० ला ३४१ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणजे ३४१ ही कसोटी पार करते, पण ३४१ = ११ × ३१. त्याऐवजी मिलर-राबिन कसोटी घ्या, ती याच कल्पनेची अधिक कडक कसोटी आहे. संख्या ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान असेल तर २, ३, ५ आणि ७ हे चार पाये (म्हणजे ज्यांचे घात घेऊन कसोटी लावायची त्या संख्या) पुरतात आणि उत्तर पक्कं असतं. त्यापुढे तेवढ्याच चार पायांवर ‘मूळ’ असं ठामपणे लिहू नका.

कसोटीनं ‘संयुक्त’ म्हटलं पण अवयव हाती लागले नाहीत, असंही होतं. २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या संयुक्त असल्याचं आधीपासून ठाऊक होतं, तरी तिचे अवयव २०२० मध्येच निघाले. तुमच्या कागदावर अशी संख्या उरली तर तिच्यापुढे ‘संयुक्त, अवयव अज्ञात’ असं स्पष्ट लिहा. टप्पा ५, ६ आणि ७ ची उत्तरं तिथे रिकामी सोडा, अंदाजानं भरू नका. पूर्ण वर्ग आहे का, एखाद्या ठरावीक संख्येने भाग जातो का, तीन वर्गांची बेरीज होईल का, द्विमान रूप काय, एवढी उत्तरं मात्र अवयवांशिवायही पूर्ण खात्रीनं देता येतात, ती भरा.